हमझिक्कांची डबी

फराळाची ताटली बाजूला ठेवून हे वाचावं, अशी विनंती सुरुवातीलाच करते. संपादकबाईंनाही मी फोनवर तेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही सौदीत इतकी वर्षं लॅबमध्ये काढलीत, त्यातलं काहीतरी लिहा. मी म्हटलं, बाई, मी काय तपासत होते ते कळलं तर हातातली चकली खाली ठेवाल. त्या हसल्या. पहिल्यांदा सगळेच हसतात.

मी दापोलीकडची. नवरा जेद्दाला यात्रेकरूंच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होता म्हणून मी तिकडे गेले. लॅबचा डिप्लोमा होता म्हणून बलदच्या, म्हणजे तिथल्या जुन्या शहराच्या, कडेच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात लागले. दोन-तीन वर्षांत परत यायचं, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. मी बावीस वर्षांनी परत आले.

काम काय, तर जेद्दात जो कोणी खाण्याला हात लावतो, मग तो आचारी असो, वेटर असो की खाटीक, त्याला दरवर्षी नगरपालिकेचं, म्हणजे बलदियाचं, आरोग्य कार्ड काढावं लागतं. कार्ड नाही तर दुकानात उभं राहता येत नाही. काम गेलं की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, गेला, आणि इकामा गेला की सामान बांधायचं. हे सगळं ठरायचं रक्तावर, छातीच्या एक्स-रेवर आणि एका प्लास्टिकच्या डबीवर. रक्त आणि एक्स-रे दुसऱ्यांकडे. डबी माझ्याकडे.

त्यात आम्ही काय शोधायचो तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आधी सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी वगैरे बघायची. मग थोडासा नमुना प्लेटवर पसरून दोन दिवस उबेत ठेवायचा आणि टायफॉइडच्या घराण्यातले जंतू वाढतात का ते पाहायचं. टायफॉइडचा एक दुष्टपणा आहे. एखाद्याला तो होऊन जातो, माणूस ठणठणीत बरा होतो, पण जंतू त्याच्या पित्ताशयात मुक्काम करून राहतात. त्याला स्वतःला काही त्रास नाही. वर्षानुवर्षं तो हसतखेळत स्वयंपाक करतो आणि त्याच्या हातचं खाऊन दुसराच कोणीतरी अंथरूण धरतो. जंतू रोज बाहेर पडतात असंही नाही, त्यामुळे एका तपासणीत सापडतील याची खात्री नसते. तोंडाकडे बघून असा माणूस ओळखता येत नाही. म्हणून डबी.

डबी देण्याबाबत नियम कडक होता. दवाखान्याच्याच संडासात द्यायची, बाहेर एक माणूस बसलेला असायचा. कारण लोक काय करतील सांगता येत नाही. एकदा एका हॉटेलचे पाच वेटर रांगेने आले आणि पाचांच्या पाच डब्यांत तेच जंत, तेवढेच, त्याच जेवणाचे तेच अवशेष. मी पाचांना परत बोलावलं आणि विचारलं, तुमच्यापैकी खरा कोण? चौघांनी एकाकडे बोट दाखवलं. तो बिचारा लाजून चूर झाला होता. बाकीच्यांना भीतीने संडासला होतच नव्हतं, म्हणून त्याने सगळ्यांची सोय केली होती. दुसरा एक खाटीक होता, दिवसभर उंट कापणारा. शेजारच्या टेबलावरची रक्ताची सुई बघून माझ्या टेबलासमोर आडवा झाला. त्याला उचलायला तिघे लागले.

ही उदाहरणं मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगायची. मला कोणी फसवू शकत नाही, असं मी खरोखर समजत होते. तो तोरा आता आठवला तरी थकवा येतो.

या कामाचा एक परिणाम असा झाला, की मी बाहेरचं खाणं सोडलं. नवरा वैतागायचा. कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला गेलो की सगळी कुटुंबं काही ना काही खात बसलेली, आणि आम्ही घरून नेलेली पोळी-भाजी उघडतोय. मुलगा साहिल तेव्हा लहान होता. तो इंग्रजीतून तक्रार करायचा, मी मराठीतून दटावायची, आणि शेवटी तिघेही गप्प बसून पोळी खायचो. पण मी करणार काय? समोरच्या काउंटरवर उभा असलेला माणूस मला आतून माहीत असायचा.

या सगळ्याला अपवाद एकच दुकान. बलदमध्ये सोनारांच्या गल्लीच्या मागे, दोन जुन्या इमारतींच्या फटीत बसवल्यासारखी एक बुफिया होती. बुफिया म्हणजे सँडविच-चहाचं खोपटं. मालकाचं एक पाऊल आत, गिऱ्हाइकाची दोन्ही रस्त्यावर. बाकीच्या बुफियांत अंडं, कलेजी, फलाफल मिळायचं. इथे मिळायचं दक्षिणेचं जेवण. दक्षिणेचं म्हणजे सौदीच्या दक्षिणेचं, जीझानचं. दुकानाचा कफील, म्हणजे परवाना ज्याच्या नावावर तो सौदी मालक, अबू यह्या हा म्हातारा तिकडचा. जेद्दात आईच्या हातची चव मिळेना म्हणून त्याने दुकान काढलं होतं. ती चव रांधणारे हात मात्र दुसऱ्याच दक्षिणेतले होते, केरळच्या मलप्पुरमचे. तेच हमझिक्का. 'इक्का' म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ.

दगडाच्या जाड भांड्यात बोकडाचं मटण, भेंडी, बटाटा, टोमॅटो आणि चिंचेचा कोळ असं सकाळपासून रटरटत असायचं. त्याला मगश म्हणतात. जीझानमध्ये ते भांडं मधे ठेवून सगळे भोवती बसतात. इथे बसायला जागाच नाही, म्हणून हमझिक्कांनी ते घट्ट आटवून समोलीत, म्हणजे तिथल्या लांबट पावात, भरायला सुरुवात केली होती. वर काकडी-टोमॅटो आणि शत्ता, म्हणजे लाल मिरचीची चटणी. हे वरचं सगळं हाताने. हातमोज्यांचा खोका भिंतीला टांगलेला असायचा, तो बलदियाचा माणूस आला की उघडायचा. मोजे घातले की हाताला काही कळत नाही, असं ते म्हणायचे.

त्यांच्या दुकानात जाण्याआधी त्यांची डबी माझ्याकडे आली होती. रिपोर्ट स्वच्छ. रिपोर्टवर दुकानाचं नाव होतं, आणि दवाखान्यातून घरी जाताना तेच नाव पाटीवर दिसलं. त्या खिडकीतून चिंचेचा असा वास येत होता, की मला आमच्याकडच्या बांगड्याच्या आमटीची आठवण झाली. मी एक समोली घेतली. खिडकीशीच उभी राहून खाल्ली आणि साहिलसाठी दुसरी बांधून घेतली. मी लॅबमधली आहे हे त्यांनी ओळखलं. माझ्या डोळ्यांदेखत काउंटर पुन्हा पुसला आणि म्हणाले, "मोळे, रोज आना." मोळे म्हणजे मुली. परक्या देशात कोणी असं म्हटलं की माणूस विरघळतो, आणि मीही विरघळले.

मग जवळजवळ रोजच. सकाळच्या पाळीच्या मधल्या सुट्टीत मी जायची. गर्दी असली तरी माझी समोली बाजूला काढलेली असायची, शत्ता कमी. साहिलला सुट्टीच्या दिवशी न्यायची. तो खिडकीच्या कठड्याला लोंबकळून "वन मोअर" म्हणायचा आणि हमझिक्का त्याच्या तोंडात मटणाचा एक तुकडा आपल्या बोटांनी घालायचे. त्यांची स्वतःची मुलं गावाला मोठी झाली होती, दोन वर्षांतून एकदा भेटणारी.

दुसऱ्या वर्षी कार्डाची वेळ आली तेव्हा ते लॅबच्या खिडकीशी येऊन खाली मान घालून म्हणाले, की वय झालं, दवाखान्यात बसून होत नाही, घरून सकाळी आणलं तर चालेल का? मी चालेल म्हटलं. वडीलधारा माणूस, त्याला काय तिथे उभं करायचं? नियम मीच लोकांना ऐकवायची, तो मीच मोडला, आणि मोडताना बरंही वाटलं. त्यानंतर दरवर्षी कागदाच्या पिशवीत नीट गुंडाळलेली डबी यायची. दरवर्षी रिपोर्ट स्वच्छ. दरवर्षी सही माझी.

साहिल नऊ वर्षांचा असताना सुट्टीत गावी जाऊन आला आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याला ताप भरला. टायफॉइड. दहा दिवस इस्पितळात होता, आणि मांडीवर घेतलं तर काहीच वजन लागू नये असा झाला होता. तो वाचला, पण मला कोणावर तरी राग काढायचा होता. मी सासूबाईंना फोन करून म्हटलं, तुमच्या विहिरीच्या पाण्याने माझ्या पोराला मरणाच्या दारात नेलं. त्यांनी विहिरीवर लोखंडी झाकण बसवून घेतलं आणि पुढे नातू आला की त्याच्यासाठी बाटलीतलं पाणी मागवू लागल्या. त्याला आपल्या हातचं पाणी द्यायलाही त्या कचरायच्या. त्या गेल्या तेव्हाही झाकण तसंच होतं.

मग काही वर्षांनी मी भाचीच्या लग्नाला गावी आले होते, आणि नेमकी तेव्हा हमझिक्कांची तारीख आली. लॅबमध्ये माझ्या जागी ग्रेस नावाची फिलिपिनो मुलगी होती. तिने त्यांची पिशवी घेतली नाही. नियमाप्रमाणे आत जाऊन द्या म्हणाली. ते परत गेले, दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा परत गेले. तिसऱ्या दिवशी आत गेले.

मी कामावर रुजू झाले त्या सकाळी ग्रेसने एक प्लेट माझ्यासमोर ठेवली. मधोमध काळा ठिपका असलेले ते लहान लहान पुंजके मी झोपेतही ओळखले असते. पुढच्या दोन चाचण्याही तिने करून ठेवल्या होत्या. टायफॉइड. फक्त माझी सही राहिली होती. नाव वाचलं आणि मी तिला म्हटलं, तुझ्या डब्यांची अदलाबदल झाली. ती शांतपणे म्हणाली, त्या दिवशी दुसरी डबीच नव्हती.

मी हमझिक्कांना बोलावून घेतलं. ते आले, हातात नेहमीसारखी कागदाची पिशवी. नमुना पुन्हा लागणार असेल म्हणून घरूनच घेऊन आले होते. मी रिपोर्ट सांगितला. त्यांनी विचारलं, हा कुठल्या डबीचा? इथे आत दिली होती तिचा? मी हो म्हटलं. ते खुर्चीवर बसले आणि पिशवी पायाशी ठेवली.

मी विचारलं, "हमझिक्का, बाकी के सब किसके थे?"

त्यांनी पायाने पिशवी खुर्चीखाली सरकवली. मग म्हणाले, "मोयदू का. रूम में साथ रहता है, पेंटर है. पहले साल का मेरा था, मोळे. फिर तुम मेरे पास खाने लगी. जिसको मैं अपने हाथ से खिलाता, उसके हाथ में वो डब्बा कैसे देने का?"

मला आधी राग आला. इतकी वर्षं मी एका रंगाऱ्याला निरोगी ठरवून सह्या करत होते. आणि मग राग त्यांच्यावरून घसरत माझ्यावर आला. या माणसाने बलदियाला फसवायला काही केलं नव्हतं. आपल्याला काही आहे हे त्याला माहीतही नव्हतं. त्याला फक्त लाज वाटली होती. ती वाटायला मी कारण होते, आणि लपवायला जागाही मीच करून दिली होती.

आता ते विचारतील, माझ्या कामाचं काय, इकाम्याचं काय, असं मला वाटलं. त्यासाठी मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्यांनी दुसरंच विचारलं.

"साहिल को वो बुखार... मेरे हाथ से आया?"

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं. विहीर असेल, टँकरचं पाणी असेल, आणखी कुणाचा हात असेल. पण विचारणारा माणूस समोर दोन्ही तळहात उताणे ठेवून बसला होता आणि त्या हातांकडे परक्यासारखं बघत होता.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, एवढ्या सह्या केल्यास तशी आणखी एक कर. औषध गुपचूप दे, महिन्याने पुन्हा तपास, खलास. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला बाहेर काढून तुला काय मिळणार? तो वाईट बोलत नव्हता. मी स्वतःही दवाखान्यातून घरापर्यंत हाच विचार करत आले होते. सकाळी कामावर जाताना मुद्दाम त्या गल्लीतून गेले. दुकान उघडं होतं. भारतीय शाळेच्या गणवेशातली एक मुलगी टाचा उंचावून खिडकीशी उभी होती, आणि हमझिक्का तिला सांगत होते, की आज मगश नाही, समोली नाही, फक्त बाटलीतलं पाणी आहे. रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होता, त्यांना कोणी बंदी केली नव्हती, आणि त्यांनी आपणहून हात बांधून घेतले होते.

मी जाऊन सही केली. खरी. पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच सांगायला हे लिहायला घेतलं असावं. त्या कागदाखाली शेऱ्याची जागा होती. आधीच्या वर्षांचे नमुने मी नियम मोडून बाहेरून घेतले, असं मी तिथे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. माझ्याही घरात शाळेची फी होती, माझाही इकामा होता. बलदियाच्या माणसाने त्यांना विचारलं, की मग आधीचे रिपोर्ट स्वच्छ कसे? हमझिक्का म्हणाले, मला काय माहीत, मी आचारी माणूस. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

औषधं झाली, तरी जंतू हटेनात. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. खडे असले की जंतूंना घर मिळतं, गोळ्या तिथवर पोचत नाहीत. ऑपरेशन गावी जाऊन करायचं ठरलं. म्हणजे कायमचंच जायचं. अबू यह्या एकदा लॅबमध्ये येऊन माझ्यासमोर बसून राहिला. भांडायला आला असेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, की माझी आई दुसऱ्यांदा गेली.

हमझिक्का जायच्या आदल्या सकाळी मी दुकानात गेले. अबू यह्याने शेवटचं म्हणून स्वतः भांडं चढवलं होतं आणि तो नमाजाला गेला होता. हमझिक्का दुकानाबाहेर रस्त्यावर उभे, हात पाठीमागे बांधलेले. गिऱ्हाइकं नव्हती. ते म्हणाले, आत जा, आज तू बनव. माझ्याकडे कार्ड नव्हतं, पण मी गेले. आतून ते दुकान इतकं अरुंद होतं, की वळताना कोपर तव्याला लागत होतं. ते बाहेरून सांगत होते. पाव आधी दाबून उघड, चमचा तळापासून फिरव, काकडी जाड नको. भिंतीवरच्या खोक्यातून मी हातमोजे काढून घातले, आणि खरंच हाताला काही कळेना. समोली फाटली, रस मनगटावर आला. कशीबशी गुंडाळून मी ती खिडकीतून त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी पाठीमागचे हात सोडले आणि ती घेतली. उभ्या उभ्या, सावकाश, सगळी संपवली. म्हणाले, मीठ कमी आहे. मग हात पुसले आणि निघाले. दुकानात नंतर मोबाइलची कव्हरं विकायला आली.

ऑपरेशन झाल्यावर काही महिन्यांनी माझ्या फोनवर एक फोटो आला. मलप्पुरमच्या कुठल्याशा लॅबचा रिपोर्ट, स्वच्छ. पुढच्या महिन्यात दुसरा, मग तिसरा. नियमाप्रमाणे तीन स्वच्छ रिपोर्ट पुरे, तिथे थांबायला हवं होतं. ते आता कुठे रांधत नाहीत, कार्डाची त्यांना गरज नाही. तरी दरवर्षी त्यांची जुनी तारीख आली की रिपोर्ट येतो, आणि खाली इंग्रजी अक्षरांत एकच ओळ असते: मोळे, ये मेरा ही है.

मी दरवर्षी तो मोठा करून वाचते आणि 'नजीफ', म्हणजे स्वच्छ, एवढंच लिहून पाठवते. जास्त काही लिहायला मला तोंड नव्हतं. सासूबाईंची माफी मागायची राहून गेली ती गेलीच. गावी परतल्यावर मी विहिरीचं झाकण काढून घेतलं, तेवढंच हातात होतं.

अंक छापून आला की या पानांचा फोटो काढून मी हमझिक्कांना पाठवणार आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही. खाली त्यांच्यासारखंच इंग्रजी अक्षरांत लिहीन: हमझिक्का, उस रिपोर्ट पर जो नहीं लिखा था, वो ये है. ये मेरा ही है.